कमरेचा तानुकी

भूपेंद्रआप्पा पाटलांच्या घरचा चहा तसा गोडच असायचा, पण तो लवकर मिळायचा नाही. पाहुण्याला आधी काचेच्या कपाटापुढे उभं राहून जपानची माहिती ऐकावी लागायची. आप्पा साखर कारखान्यात केमिस्ट होते. पुरुषोत्तमनगरला नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर तिथेच घर बांधून राहिले. रस आटेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती, पाहुण्यांना नव्हती.

माहिती अशी असायची, की जुन्या काळी जपानी माणसाच्या कपड्यांना खिसा नव्हता. मग तंबाखूची पिशवी, औषधाची डबी ठेवायची कुठे? तर गोफाला बांधायची, गोफ कमरपट्ट्याखालून वर काढायचा आणि तो निसटू नये म्हणून वरच्या टोकाला एक कोरीव गुंडी अडकवायची. त्या गुंडीला म्हणायचं नेत्सुके. आप्पांकडचं नेत्सुके हरणाच्या शिंगाचं होतं, लिंबाएवढं. त्यावर तानुकी कोरलेला होता. तानुकी म्हणजे कुत्र्याच्या दूरच्या नात्यातला एक लबाड प्राणी. हा मागच्या पायांवर बसून आपलं सुटलेलं पोट ढोलासारखं बडवत होता.

"म्हंजे नाडानं बटन," आप्पांच्या पत्नी कोकिळाबाई चहा घेऊन येता येता म्हणायच्या. "आनि दखा, प्वाट सेम यासनं शे."

पाहुणे हसायचे आणि त्या हसण्याचा फायदा घेऊन खुर्चीवर बसून टाकायचे.

पोटावरून हसलेलं आप्पांना चालायचं. त्यांना लागायचं ते वेगळंच. अख्ख्या कॉलनीचं मत होतं की ती वस्तू प्लास्टिकची आहे. कोणी म्हणे सुरतेला असली पोत्यानं मिळतात, कोणी म्हणे अगरबत्तीच्या पुड्यावर फुकट येतात. आप्पांनी ती मुंबईच्या एका पारशी म्हाताऱ्याकडून घेतली होती. त्याचे आजोबा कापडाच्या व्यापारात होते, जपानात कोबेच्या बंदरात राहून आलेले. आप्पांनी काही कागद आहे का विचारलं तर म्हातारा म्हणाला, माझा शब्द हाच कागद. मग तो वारला आणि शब्दही सोबत घेऊन गेला.

म्हणून आप्पांनी पुण्याच्या धीरज दामल्यांना धरलं. दामले लघुशिल्प अभ्यासक मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी अस्सल म्हटलं की अस्सल, त्यावर अपील नाही. आप्पांनी फोटो पाठवले, पत्रं पाठवली, एकदा तोरणमाळचं सीताफळ पाठवलं. सीताफळानंतर दामल्यांचं उत्तर आलं. ते स्वतः येऊन वस्तू बघणार होते आणि खरी निघाली तर मंडळाच्या कागदावर प्रमाणपत्र देणार होते. आप्पांनी त्याच दिवशी फ्रेम आणली आणि कपाटाशेजारी भिंतीत खिळा ठोकला.

"कागद येऊ तं द्या," कोकिळाबाई म्हणाल्या.

"खिळा कोठे जाई ऱ्हायना?" आप्पा म्हणाले.

आता एकच काम उरलं होतं. नेत्सुकेचा जुना गोफ कुजून गेला होता आणि तज्ज्ञासमोर तानुकीला सुतळीत कसं उभं करणार? नंदुरबारला सत्तारभाई पटवा होते. दागिने रेशमात ओवायचे, गोफ विणायचे, गोंडे करायचे, हा त्यांचा पिढीजात धंदा. आप्पांनी तानुकी रुमालात गुंडाळून त्यांच्याकडे नेऊन दिला. होळी तोंडावर आलेली, त्यामुळे दुकानात जिकडेतिकडे घुंगरं. सातपुड्यात नवसाचे नाचे कमरेला घुंगरांचा, दुधी भोपळ्यांचा पट्टा बांधतात. त्या पट्ट्यांचे गोफ सत्तारभाईंकडेच व्हायचे.

दामले यायच्या दिवशी आप्पा गाडी घेऊन निघाले. बेत सोपा होता. सत्तारभाईंकडून तानुकी घ्यायचा, स्टेशनवरून दामले घ्यायचे आणि दोघांना घरी आणून भेट घडवायची.

"या आप्पा, बठा. चहा सांगस," सत्तारभाई म्हणाले.

"चहा ऱ्हाऊ द्या. आपलं काम व्हयनं का?"

"कव्हयच व्हयनं. मरून रेशीम, आठ पदरी. काल सांजलेच खिळाले टांगी दिन्हं." सत्तारभाईंनी न बघताच मागे हात केला. खिळा हाताला लागला. खिळ्यावर काही नव्हतं. त्यांनी खिळ्याच्या खाली बघितलं, मग बाजूच्या खिळ्यावर बघितलं, मग उगाच स्वतःच्या खिशात बघितलं. "हलीमा, आठे मरून गोफनी गुंडी व्हती ना?"

हलीमाभाभी आतून दारात आल्या. हाताला मसाला, चेहऱ्यावर समाधान. "ती व्हय? ती करणसिंगले दी टाकी."

"कोनता करणसिंग?" आप्पांनी विचारलं. खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती.

"तुमनाच मळाना सालदार ना, आप्पा. त्याना होयीना पट्टा तयार व्हता, फकत अडकाडाले गुंडी नव्हती. ह्या नमाजले जायेल व्हतात. मी दखं तं खिळाले शिंगनी गुंडी टांगेल, दोन भोकं बी शेतस. मी म्हनं यासनी त्यानासाठेच करी ठेयेल व्हई." भाभींनी हात पुसले. "इतली फिट बसनी, आप्पा. जशी त्यानासाठेच बनेल व्हती."

त्यात भाभींची चूक काही नव्हती. पहाडातली माणसं पट्ट्यासोबत कधी लाकडाची गुंडी आणून द्यायची, कधी आजोबाच्या वेळची शिंगाची. दर होळीला असल्या गुंड्या त्या खिळ्यावर टांगलेल्या असायच्या. फक्त त्यातली एकही आजवर कोबेहून आलेली नव्हती.

"बरं, मंग करणसिंगकडथून मांगी लिऊत," आप्पा म्हणाले.

सत्तारभाईंनी मान खाली घातली. "आप्पा, त्यानी नवस धरेल शे. रविनाना. पट्टा बांधी लिन्हा व्हई आते. होयी पेटीसन, नदीवर आंघोय व्हवाशिवाय तो पट्टा निंघाव नही."

रविना करणसिंगची मुलगी. मागच्या पावसाळ्यात तापानं फणफणली होती, दवाखान्यात अंग गार पडत चाललं होतं. तेव्हा करणसिंगनं होळीचा नवस बोलला होता. आप्पांना हे सगळं माहीत होतं, रजा त्यांनीच दिली होती. आज तो वर पहाडातल्या बाजारात नाचत असणार. नवस धरलेला माणूस खाटेवर झोपत नाही, पायात चप्पल घालत नाही, बाईच्या हातचं खात नाही. आणि कमरेचा पट्टा सोडत नाही.

लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली. त्या गाडीत दामले होते.

नंदुरबार म्हणजे मिरचीची बाजारपेठ; तिथे उतरणाऱ्या नव्या माणसाला आधी हवेतली मिरची भेटते, यजमान नंतर. दामले प्लॅटफॉर्मवर शिंकतच उतरले. पांढरा सदरा, गळ्यात साखळीला भिंग, हातात चामड्याची बॅग.

"पाटील? नम... आक्छी. कुठंय तो?"

आप्पांनी रात्रभर वाक्यं पाठ केली होती. त्यातलं एकही कामाचं नव्हतं. "सर, कपाटात ठेवून बघण्यात काय मजा? मी तो वापरात ठेवलाय."

दामल्यांची अर्धी शिंक तशीच राहिली. "वापरात?"

"कमरेला. पहाडात. प्रात्यक्षिक म्हणून."

दामल्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं. आप्पांना वाटलं आता हे परतीचं तिकीट काढणार. "पाटील, मी पॅरिसला नेत्सुके पाहिली, लंडनला पाहिली. सगळी काचेत. कमरेला असलेलं एकही पाहिलं नाही. चला लवकर."

प्रकाशाचा पूल गेला, शहादा गेलं, गाडी धडगावच्या घाटाला लागली. दामले सगळ्या वाटेनं बोलत होते. जपानी कपड्यांना खिसे कसे नव्हते, पिशवी गोफाला कशी बांधायचे, गोफ निसटू नये म्हणून काय करायचे. आप्पा ऐकत होते. चहा न पिता हे ऐकणं किती जड जातं, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

वर भोंगऱ्या बाजार भरला होता. होळीच्या आधीचा हा बाजार म्हणजे अर्धी खरेदी आणि अर्धं नाचणं. भाजक्या डाळ्यांचे ढीग, गुळाच्या शेवेच्या पराती, साखरेचे हार. मधल्या मोकळ्या जागेत ढोल घुमत होते आणि ढोलांभोवती नाचे फिरत होते. अंगाला राख, राखेवर तांदळाच्या पिठाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप, कमरेला घुंगरं आणि भोपळे. सगळ्यांचं रूप एकसारखं. सख्ख्या बायकोला नवरा ओळखू आला नसता, तिथं आप्पांना सालदार काय ओळखू येणार?

मग आप्पांनी चेहरे सोडले आणि कमरा बघायला सुरुवात केली. एकेका नाच्यासमोर वाकायचं, पोट निरखायचं, पुढच्याकडे जायचं. मागून दामलेही वाकत येत होते. आप्पांचं काय हरवलंय ते त्यांना माहीत नव्हतं, पण ही इथली पद्धत असेल अशी त्यांची समजूत झाली होती.

"आप्पा, काय धुंडी ऱ्हायनात?" एका राखेच्या चेहऱ्यातून ओळखीचा आवाज आला. "तुमी भोंगऱ्याले येनात? चांगलं करं. गाय येनी का, वासरू व्हयनं का?"

करणसिंगच तो. त्याच्या कमरेवर, मरून गोफाच्या टोकाला, घुंगरांचं सगळं ओझं तोलून धरत तानुकी बसला होता. करणसिंग उडी मारायचा तसा तोही उडी मारायचा आणि ढोलाच्या ठेक्यावर पोट बडवतोय असं वाटायचं. कपाटात तो कधी इतका खूश दिसला नव्हता.

"करणसिंग, थोडा थांब रे," आप्पा म्हणाले.

"ढोल चालू शे, आप्पा. ढोल थांबना का थांबसू." आणि तो नाचत पुढे गेला.

दामल्यांनी बॅग आप्पांच्या हातात दिली, भिंग डोळ्याला लावलं आणि ते करणसिंगच्या मागे रिंगणात शिरले. कमरेत वाकलेले, नाक तानुकीपासून चार बोटांवर, आणि करणसिंग उडी मारेल तशी आपणही उडी मारत. न मारून चालणारच नव्हतं, तानुकी भिंगातून निसटायचा. पहिल्या फेरीला लोक हसले. दुसऱ्या फेरीला त्यांनी गृहीत धरलं की हे यंदाचं नवीन सोंग आहे. तिसऱ्या फेरीला एका म्हातारीनं दामल्यांच्या खिशात मूठभर डाळ्या टाकल्या.

"भोकं लहानमोठी आहेत," दामले घुंगरांच्या वरताण ओरडत होते. "उत्तम. लहानमोठीच पाहिजेत. गाठ आत लपायला."

आप्पा बॅग छातीशी धरून रिंगणाबाहेरून पळत होते. "आणि पोत, सर?"

"थांबा... पाठीमागं गाभा उघडा आहे... बारीक जाळी..." उडी. "गोफानं झिजून झिजून गुळगुळीत..." उडी. "पाटील, शिंग आहे, अस्सल शिंग!"

नेमका त्याच क्षणी ढोल थांबला.

शेवटचे दोन शब्द अख्ख्या बाजाराला ऐकू गेले. आप्पांच्या अंगावर काटा आला, आनंदाचा. इतक्या वर्षांनी कोणीतरी म्हटलं होतं, आणि तेही भर बाजारात. पण ते ऐकणाऱ्यांत उसाच्या रसाच्या गाडीवर ग्लास धरून उभे असलेले वनरक्षक बन्सीलालही होते.

"कसानं शिंग?" बन्सीलालांनी ग्लास ठेवला.

त्यांच्या डोक्याभोवती शेकडो मोरपिसं डुलत होती. तिकडे ते बघत नव्हते. झडलेल्या पिसांना बंदी नाही, हे त्यांना दर होळीला वरच्या साहेबाला समजावून सांगावं लागायचं. पण शिंग म्हटल्यावर गप्प बसता येत नव्हतं. त्यांनी वाकून तानुकी पाहिला. तिथे वाकलेला तो तिसरा माणूस.

"हाई तं सांबरनं दिसस."

"सांबर नाही हो, जपानी हरीण," दामल्यांनी उत्साहानं खुलासा केला. "लहान मुलालाही कळेल. ही जाळी बघा. शिंगाशिवाय अशी जाळी..."

"हरीण जपानमा मरनं, याना काही पुरावा शे?"

दामल्यांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी मनातल्या मनात पारशी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"मंग गुंडी तपासाले धाडनी पडी," बन्सीलाल म्हणाले. ते काही वाईट मनाचे नव्हते, त्यांच्या आवाजात कंटाळाच जास्त होता. "प्रयोगशाळामा. कव्हय परत ई ते माले इचारू नका. करणसिंग, सोड तो पट्टा. आनि चाल ऑफिसमा."

करणसिंगनं दोन्ही हात पट्ट्यावर ठेवले आणि आप्पांकडे पाहिलं. राख घामानं ओघळली होती. मागे डाळ्यांच्या ढिगाजवळ रविना उभी होती. अंगावर नवा परकर, हातात साखरेचा हार, त्यातली दोन पदकं आधीच खाल्लेली. बापाचं काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. ती ढोल परत कधी सुरू होतो याची वाट बघत होती.

आप्पांना भिंतीतला खिळा आठवला. फ्रेम आठवली. अख्खी कॉलनी खुर्च्या मांडून बसलीय आणि आपण प्रमाणपत्र वाचून दाखवतोय, हे चित्र त्यांनी कितीदा रंगवलं होतं. त्यात चहासुद्धा नंतर होता.

"प्लास्टिकनं शे ते," आप्पा म्हणाले.

"काय?" दामले म्हणाले.

"प्लास्टिक. खांडबाराना बाजारमाईन आनेल शे. मीच दिन्हं व्हतं करणसिंगले."

"पाटील, तुम्ही शुद्धीवर आहात का? मी आत्ता माझ्या डोळ्यांनी..."

"मंग ह्या सायेब शिंग शिंग काब्रं करी ऱ्हायना व्हतात?" बन्सीलालांनी विचारलं.

"त्यासले मिरची लागेल शे. सकायपशी डोयाले पानी. दिसतच नही."

दामल्यांना राग आला आणि रागासोबत शिंकही आली. तेवढ्या पुराव्यानं बन्सीलालांचं निम्मं समाधान झालं. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी खिशातून लायटर काढला. "सोपं शे. जरासा चटका देतस. प्लास्टिक व्हई तं पघळी जाई. शिंग व्हई तं जळेल केसना वास ई."

ज्योत पेटली. तानुकी पोटावर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला.

"थांबा," दामले म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की तो आपला आहे हे त्यांनाही पटलं नाही. ते ज्योत आणि तानुकी यांच्या मध्ये आले. त्यांनी एकदा तानुकीकडे पाहिलं, एकदा करणसिंगच्या हातांकडे, एकदा लायटरकडे. सदरा सारखा केला. "मी मंडळाचा अध्यक्ष आहे. माझा निर्णय अंतिम असतो. ही वस्तू... ही प्लास्टिकची आहे."

"लिखी देतस का, सायेब? मन्हं काही म्हननं नही. वर कोनी इचारं तं दखाडाले कागद जोयजे."

आणि मग रसाच्या गाडीच्या फळीवर, ऊस बाजूला सारून, धीरज दामल्यांनी मंडळाचा छापील कागद पुढे ओढला. सदर वस्तू मी प्रत्यक्ष हाताळून तपासली असून ती प्लास्टिकची आहे, असं लिहिलं. तिला कोणतंही कलात्मक वा ऐतिहासिक मूल्य नाही, हे वाक्य लिहिताना त्यांचं कोपर बन्सीलालांच्या ग्लासला लागलं आणि 'मूल्य'वर रसाचा थेंब पडला. खाली सही, सहीखाली शिक्का. शिक्का त्यांनी बॅगेत आणलाच होता, वेगळ्या कामासाठी.

बन्सीलालांनी मोबाईलवर कागदाचा फोटो काढून घेतला आणि कागद आप्पांच्या हातात दिला. "ठेवा जपीसन. परत कोनी इचारं तं कामले ई."

ढोल सुरू झाला. करणसिंग रिंगणात गेला, आणि त्याच्यासोबत तानुकीही.

परतीच्या वाटेवर गाडी घाट उतरली. मग दामल्यांनी खिशात हात घातला, मूठभर डाळ्या निघाल्या, त्या दोघांनी वाटून खाल्ल्या.

होळी झाली. करणसिंग नदीवर आंघोळ करून, दाढी करून, चप्पल घालून मळ्यात आला. आधी गाय कशी आहे ते बघितलं. मग रुमालातून तानुकी काढून आप्पांच्या हातात ठेवला. "आप्पा, बाजारमा तुमी खोटं बोलनात, ते मन्हासाठे. माले समजनं." मग म्हणाला, "पन नवस एक होयीना नही. पाच होयीना शे."

"मंग पुढला साल लई जाय," आप्पा म्हणाले. "सत्तारभाईले गोफ जरा जाड कराले लावसूत."

तानुकी परत कपाटात गेला. त्याला धुराचा वास येत होता आणि पोटावर राखेचा डाग होता. आप्पांनी तो पुसला नाही.

प्रमाणपत्र कोकिळाबाईंनी स्वतः फ्रेममध्ये घातलं आणि त्याच खिळ्यावर टांगलं. "पुन्याथून सायेब येयेल व्हतात," त्या आता पाहुण्यांना वाचून दाखवत. "शिक्का दखा. मी पयल्या दिनथून सांगी ऱ्हायनू, प्लास्टिक." कॉलनी समाधानानं मान हलवायची. आप्पा कपाटाकडे पाठ करून चहा प्यायचे. व्याख्यान बंद झालं होतं, त्यामुळे चहा गरम मिळत होता आणि त्यात काही चव लागत नव्हती.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी, घरात शेजारची दोन माणसं बसलेली असताना, पुण्याहून फोन आला.

"पाटील, दामले बोलतोय. ते प्लास्टिक कसं आहे?"

"बरं शे... बरं आहे, सर."

"ऐका. प्लास्टिकला ऊन लागू देऊ नका. कपाटात पाण्याची वाटी ठेवत जा, तुमच्याकडचा उन्हाळा कोरडा, प्लास्टिकला चिरा जातील. आणि वर्षातून एकदा कॅमेलियाचं तेल. मऊ कापडानं, अगदी थेंबभर. बाटली पाठवलीय मी. फार घासू नका, त्या काळचा कारागीर पुन्हा यायचा नाही." मग घसा खाकरून, "प्लास्टिकचा कारागीर."

"हो, सर."

"आणि पुढच्या होळीला मी येतोय. मिरचीचं औषध घेऊन."

आप्पांनी फोन ठेवला. उठले, स्वयंपाकघरात गेले, वाटीत पाणी घेतलं आणि ती दोन्ही हातांनी धरून, हिंदकळू न देता, कपाटाकडे निघाले.

"कोनना फोन व्हता?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"दामलेसना."

"काय म्हनतस?"

आप्पांनी वाटी तानुकीशेजारी ठेवली. शेजारची दोघं उठायच्या बेतात होती, कप रिकामे झाले होते.

"बठा ना," आप्पा त्यांना म्हणाले. "तुम्हले माहीत शे का, जुन्या काळमा जपानी मानूसना कपडासले खिसा नव्हता."